कोपीची शिट्टी, बाबांचे शंकरपाळे

त्या वर्षी आमच्या पुंगोलच्या घरात दोन गोष्टींना मज्जाव होता. एक म्हणजे माशाचा वास आणि दुसरा बाबांच्या तालाचा विषय. पहिली बंदी आईनं घातली होती आणि मी ती दर शनिवारी मोडत होते. दुसरी कुणी घातली नव्हती, तरी सगळे इमानेइतबारे पाळत होते. कारण तो विषय निघाला की बाबा हसायचे, आणि ते हसणं बघवायचं नाही.

आधी वासाचं सांगते. मी पंधरा वर्षांची होते. जूनच्या सुट्टीत शाळेनं आम्हा काही मुलींना प्राणिसंग्रहालयातल्या समुद्रसिंहांच्या वर्गाला पाठवलं. सुट्टी संपली, वर्ग संपला, पण मी काही तिथून हलले नाही. दर शनिवारी सकाळी मी हजर. तिथे पहिलं काम मासे निवडायचं. बर्फातून काढलेले मासे एकेक करून बघायचे, पोट फुटलेला बाजूला टाकायचा, चांगला बादलीत. मग कितीही साबण लावा, तो वास केसांत, नखांत, बुटांच्या नाड्यांत जाऊन बसायचा. परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची, हा एक फायदाच. घरी मात्र आई दारातच उभी असायची आणि मला आत घेण्याआधी हुंगायची.

समुद्रसिंहांची आई अगदी हेच करते. समुद्रातून पोट भरून ती किनाऱ्यावर येते तेव्हा तिथे पिल्लांची जत्रा भरलेली असते. ती हाक मारते, तिचंच पिल्लू ओ देतं, दोघं आवाजाच्या मागानं एकमेकांपाशी येतात, आणि मग ती नाक लावून खात्री करून घेते. वास जुळला तर दूध, नाही तर दुसऱ्याच्या पोराला चक्क हाकलून देते. मी हे सगळं आईला उत्साहानं सांगितलं. आई म्हणाली, “वास जुळत नाहीये. बाल्कनीत जा.”

आम्ही शाकाहारी. आईच्या घरात अंडंसुद्धा केकच्या आडून यायचं. त्यामुळे एका शनिवारी तिनं मला समोर बसवलं, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “तू बाहेर मासे खातेस का? खात असशील तर खा, मी काही बोलणार नाही. पण खरं सांग.”

“नाही गं आई. मी फक्त निवडते. खातो तो.”

लाटणं थांबलं. “तो कोण?”

“कोपी.”

“चायनीज आहे?”

“कॅलिफोर्नियन.”

मासे परवडले, असा चेहरा तिनं केला. मग मी फोनवरचा फोटो दाखवला तेव्हा कुठे लाटणं पुन्हा फिरू लागलं. “अगंबाई, सील होय,” ती म्हणाली. तेव्हा रागावायची पाळी माझी होती.

सील वेगळा आणि समुद्रसिंह वेगळा, हे मी त्या वर्षी इतक्या लोकांना सांगितलं की शेजारची मलय आजी मला बघितलं की आपणहून कानाला हात लावायची. समुद्रसिंहाला बाहेर दिसणारे इवलेसे कान असतात, गुंडाळलेल्या विड्याएवढे. सीलला नुसती भोकं. शिवाय समुद्रसिंह मागचे वल्ह्यासारखे पाय पोटाखाली वळवून चार पायांवर चालू शकतो, धावू शकतो, जिनाही चढतो. सील बिचारा पोटावर सरपटतो. कोपी तर असा चालत यायचा, जसा एखादा खात्यापित्या घरचा यजमान पंगतीत वाढप नीट चाललंय ना हे बघायला येतो. कोपी म्हणजे इथल्या टपरीवरची कॉफी. त्याचा रंग तसाच होता, ओला झाला की काळाभोर. मान जाडजूड, कपाळावर नराला येतं तसं टेंगूळ, आणि मिशा अशा की पाण्यातून मासा गेल्यावर मागे उरलेली हालचालसुद्धा त्यांना कळावी. मासा तो चावायचाच नाही. त्याचे दात धरण्यापुरते. मासा तोंडात फिरवून डोक्याकडची बाजू पुढे करायचा आणि गट्ट. मोकळ्या समुद्रातले नर विणीच्या दिवसांत किनाऱ्याची आपली जागा राखत आठवडेच्या आठवडे काही खात नाहीत, हे ऐकल्यावर मात्र आईचं त्याच्याबद्दलचं मत सुधारलं. “चातुर्मासच की,” ती म्हणाली.

आता बाबांचं. बाबा पाया लेबार भागातल्या एका कंपनीत मॅनेजर होते. स्वभावानं इतके सज्जन की लिफ्टमध्ये सगळ्यांना आधी जाऊ देताना दार मिटायचं आणि हे बाहेर. या परक्या देशात बरीच वर्षं एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर काढलेली, पासची मुदत जवळ आली की घरात हळू बोलायचं असा काळ पाहिलेला. त्यामुळे पुढे कायमचा रहिवास मिळाला तरी आपण कुणाच्या मध्ये येत नाही ना, ही काळजी काही सुटली नाही. असा माणूस चाळिशी उलटल्यावर ढोल-ताशा पथकात गेला. एका औद्योगिक इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या मोकळ्या कारपार्कमध्ये रविवारी दुपारी सराव चालायचा. आजूबाजूला त्या दिवशी चिटपाखरू नसायचं, म्हणून परवानगी मिळाली होती. तिथे कमरेला ढोल बांधलेले बाबा मी पाहिलेत. एका हातात टिपरू, दुसरा हात थापेसाठी उघडा, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की घरी पुरणपोळीच्या दिवशीही तो दिसत नसे. फक्त एकच गोष्ट होती. सगळे ढोल ‘धुम’ म्हणायचे आणि त्यांच्या मागून एक ढोल म्हणायचा ‘धुम’. तो बाबांचा.

पथकाचे प्रमुख नंदूकाका, एका बँकेत हिशेबनीस, गळ्यात शिट्टी. ते बिचारे वर्षभर गप्प बसले. गणपती जवळ आले तसे एका रविवारी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सतीश, यंदा तू ध्वज धर. उंची चांगली आहे तुझी.”

“चालेल की,” बाबा म्हणाले, आणि हसले. तेच ते हसणं.

चालणार नव्हतं. कारण महिनाभर आधीच बाबांनी पुण्याला फोन करून आजोबांना सांगून टाकलं होतं, “अण्णा, यंदा गणपतीला इकडे या. मी ढोल वाजवतोय.” मग आजोबा म्हणाले होते, “तू? ढोल?” आणि आयुष्यात कधी विमानात न बसलेल्या आमच्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी पासपोर्टाची चौकशी केली. आता तिकीट आलेलं, व्हिसा झालेला, आणि बाबांच्या हातात ध्वज. त्या रात्री जेवताना बाबांनी आमटीत मीठ नसल्याचंही सांगितलं नाही. तिघांनी तशीच आळणी आमटी ओरपली. सकाळी त्यांनी नंदूकाकांना फोन केला आणि मी कधी ऐकलं नव्हतं ते केलं, स्वतःसाठी काहीतरी मागितलं. “शेवटच्या सरावाला एकदा ऐक माझं. मग तू म्हणशील ते.” नंदूकाका भले होते. हो म्हणाले.

आता हे सगळं चालू असताना तिकडे कोपी ताल शिकत होता. खोटं वाटेल, पण समुद्रसिंहाला ठेका धरायला शिकवता येतं. त्याची प्रशिक्षक हुई मिन, जीवशास्त्र शिकलेली, बुटकी, खणखणीत आवाजाची, बुकित पंजांगहून रोज पहाटे यायची आणि सगळ्यांवर सारखीच डाफरायची, फक्त कोपीवर नाही. तिनं आधी त्याला तिच्या हाताबरोबर मान वरखाली करायला शिकवलं. मग हाताबरोबर टकटक वाजवली. मग हाताची हालचाल हळूहळू लहान लहान करत थांबवली आणि नुसती टकटक उरली. मान बरोबर पडली की त्याच क्षणी शिट्टी, आणि शिट्टीमागून मासा. शिट्टीचा अर्थ इतकाच, की ‘हे, हे जे आत्ता केलंस ना, हेच’. मासा पोचायला वेळ लागतो, शिट्टीला लागत नाही. आणि चुकलं तर? चुकलं तर हुई मिन काहीच करायची नाही. रागावणं नाही, मान हलवणं नाही, ‘च्’ सुद्धा नाही. हात बाजूला सोडून क्षणभर शांत उभी राहायची आणि मग पुन्हा तीच संधी द्यायची. आमच्या घरात वाढलेल्या मुलीला हे मासा बोलल्याइतकं अजब होतं. आमच्याकडे बरोबर केलेल्या गोष्टीला ‘हं’ म्हणत आणि चुकलेल्या गोष्टीवर भाषण होई.

एकदा मी कोपीकडे बघत असताना हुई मिन इथल्या, शेपटाला ‘लाह’ लावणाऱ्या इंग्रजीत म्हणाली, “सी? ही नॉट वेटिंग फॉर द साउंड. यू वेट, यू लेट ऑलरेडी, लाह.”

मी पुन्हा बघितलं. खरंच. कोपी टकटक ऐकून मान खाली घालत नव्हता. टकटक व्हायच्या आधीच त्याची मान निघालेली असायची, आणि टक आणि मान एकाच वेळी पोचायची. पुढचा ठोका कुठे पडणार हे तो गृहीत धरून चालत होता. कधीमधी अंदाज चुकायचा, पण त्याचं त्याला काही नव्हतं, कारण चुकल्यावर काही वाईट होतच नसे. मी हातातला मासा घेऊन तशीच उभी राहिले. बाबा ठोका ऐकायचे आणि मग मारायचे. आधी तुम्ही, मग मी. लिफ्टमध्ये करायचे तेच.

पुढच्या शनिवारी मी बाबांना घेऊनच गेले. प्रेक्षकांच्या बाकावर ते रुमाल नाकाला लावून बसले, पण कोपीची मान डोलायला लागली तसा रुमाल मांडीवर आला. मधेच कोपीचं लक्ष एका कबुतराकडे गेलं आणि ठेका हुकला. हुई मिन शांत उभी राहिली. बाबा सरसावून बसले, जणू आता त्यांनाच कुणी ओरडणार होतं. काही झालं नाही. टकटक पुन्हा सुरू झाली, मान पुन्हा डोलली, शिट्टी वाजली, मासा गेला.

“ती रागावली नाही त्याला?” बाबांनी मला विचारलं.

“नाही. त्याला माहीतच असतं ना चुकलं ते.”

परतताना एलआरटीच्या छोट्या गाडीत बाबा खिडकीशी बसून होते. आमच्या पुंगोलच्या खाडीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा बोलायला लागले. शाळेत ते लेझमीच्या रांगेत होते. त्याच शाळेत आजोबा गणिताचे मास्तर. स्नेहसंमेलनाच्या तालमीत आजोबा मैदानावरून जाता जाता थांबले, क्षणभर बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “सत्या, चुकतोयस. बाहेर ये.” बस एवढंच. मारलं नाही, काही नाही. “तेव्हापासून मी आधी ऐकतो,” बाबा म्हणाले, “आणि खात्री झाली की मग मारतो.” मला त्यांची इतकी माया आली की मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. वासामुळे त्यांनी जरासं तोंड वळवलं, पण खांदा काही हलवला नाही.

मग आमच्या घरी शाळा भरली. फ्लॅटमध्ये ढोल वाजवायची सोय नव्हती, म्हणून तांदळाची मोठी पिशवी मांडीवर आडवी घेऊन बाबा सरावाला बसायचे, एका बाजूला लाटणं, दुसऱ्या बाजूला थाप. ताशा माझ्या फोनवर. शिट्टी माझ्याकडे, मासे नव्हते म्हणून आईनं तळलेल्या शंकरपाळ्यांचा डबा. कोपीला शंकरपाळ्यांचं काही वाटलं नसतं, समुद्रसिंहाच्या जिभेला गोड कळतच नाही. बाबांना मात्र त्यापुढे पगारवाढही कमी होती. पहिल्या दिवशी सगळं बोंबललं. बाबांचा ठोका बरोबर पडला, मी शिट्टी मारली, आणि बाबा ताडकन थांबून म्हणाले, “सॉरी, सॉरी.” नंदूकाकांची शिट्टी म्हणजे ‘थांबा, कुणीतरी चुकलंय’. तो कुणीतरी कोण हे सगळ्या पथकाला पाठ होतं. शिट्टी म्हणजे शाबासकी, हे बाबांच्या डोक्यात शिरायलाच दोन-तीन संध्याकाळी गेल्या. मग मात्र असं शिरलं की एकदा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि बाबांचा हात आपोआप डब्याकडे गेला.

खरी अडचण बाबांची नव्हती, आईची होती. चुकलेलं दिसलं आणि बोलायचं नाही, हे तिला जमेना. बाबांचा ठोका मागे पडला की स्वयंपाकघरातून आवाज यायचाच, “अरे, चुकलं.”

“आई, नो कमेंट, लाह.”

“अगं, पण चुकलं ना.”

“बाबांना माहीत आहे.”

“मग सांगितलं तर काय बिघडलं?”

शेवटी तिनं स्वतःच तोड काढली. सराव सुरू झाला की तोंडात लवंग धरायची. ‘चु’ म्हणून तोंड उघडलं की लवंग सुटायची आणि तिला आठवायचं. घरभर लवंगेचा वास यायला लागला. माझ्या माशाच्या वासावर तो बरा उतारा होता, हे तिनं कबूल केलं. आणि एका संध्याकाळी, ढोलाचा तिसरा हात, म्हणजे तिसरा ठेका, चालू असताना बाबांनी डोळे मिटले. लाटणं ताशाच्या मागे धावेना, ताशाबरोबर पोचायला लागलं. मी शिट्टी मारायचं विसरले. आई दारात येऊन उभी राहिली होती, हातात झारा, तोंडात लवंग. डबा तिनंच उघडला.

पुढे मी समुद्रसिंहांच्या वाटेला गेले नाही, दातांची डॉक्टर झाले. आता हात थरथरतात म्हणून दवाखाना मुलीकडे दिलाय, पण जन्मभर माझ्या खुर्चीत बसलेल्या एकाही माणसाला मी ‘दात नीट का घासत नाही’ म्हणून झापलं नाही. क्षणभर शांत उभी राहायचे. लोकांना वाटायचं डॉक्टरीणबाई मोठ्या थंड डोक्याच्या. ते डोकं हुई मिनचं होतं.

शेवटच्या सरावाला नंदूकाकांनी बाबांना मधल्या रांगेत उभं केलं, पाठ फिरवून ऐकलं, आणि वळून इतकंच म्हणाले, “फेटा कुठला हवा?” बाबांनी घरी येऊन हे आम्हाला चारदा सांगितलं, दर वेळी नंदूकाकांच्या आवाजात.

मग आजोबा आले. आल्या आल्या त्यांनी घरात फेरी मारली आणि कोपऱ्यातली तांदळाची पिशवी बघून थांबले. तिच्या एका बाजूला लाटण्यानं खळगा पडला होता. “हे काय गं, गार्गे?” त्यांनी विचारलं. बाबा ऑफिसात होते. मी त्यांना सगळं सांगितलं. कोपी, शिट्टी, शंकरपाळे, आईची लवंग, चुकल्यावर काही न बोलणं, सगळं. लेझमीचं तेवढं सांगितलं नाही. पण आजोबा गणिताचे मास्तर होते, गाळलेली पायरी त्यांना दिसत असणार. त्यांनी पिशवीवरच्या त्या खळग्यातून हात फिरवला. मग म्हणाले, “हं.” आणि आईकडे चहा मागितला.

गणपतीच्या आगमनाला इथल्या मराठी मंडळानं घेतलेल्या मैदानात मांडव पडला होता. ऊन तापलं होतं, पांढरे झब्बे घामानं पाठीला चिकटले होते. मी आजोबांना सावलीत खुर्ची देऊन शेजारी उभी होते. आईनं सगळ्यांच्या हातावर थोडा थोडा खाऊ ठेवला होता आणि स्वतः लवंग चघळत होती, सवयीनं किंवा सावधगिरीनं. ताशा कडाडला, नंदूकाकांचा हात वर गेला आणि खाली आला. धुम. मी मागून येणाऱ्या त्या दुसऱ्या ‘धुम’ची वाट बघत होते. वर्षभराची सवय होती.

तिसऱ्या हाताला बाबा चुकले. टिपरू हातातून निसटता निसटता राहिलं आणि एक ठोका रिकामा गेला. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी नंदूकाकांकडे पाहिलं नाही, आमच्याकडे पाहिलं नाही. क्षणभर हात खाली सोडले, शांत उभे राहिले, आणि पुढच्या आवर्तनात असे शिरले, जणू कुणी त्यांना तीच संधी पुन्हा दिली होती. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. बोलली मात्र नाही.

आजोबांनी डोळे मिटून घेतले होते. मान एका बाजूला कलती करून ते ऐकत होते, वर्गात मुलं पाढे म्हणताना कोण चुकतंय हे शोधायचे तसे. थोड्या वेळानं त्यांनी माझा हात ओढला.

“यातला सत्याचा ढोल कुठला गं?” ते ओरडून म्हणाले. “मला वेगळा ऐकूच येत नाहीये.”

“वेगळा येणारच नाही, आजोबा,” मी ओरडून सांगितलं. माझे डोळे भरून आले होते आणि मी हसत होते.

वादन संपलं. बाबा गर्दीतून आमच्याकडे आले, फेटा कलता, झब्बा पिळून निघेल असा भिजलेला, तळहात लालबुंद. आजोबांसमोर येऊन उभे राहिले, त्या शाळेच्या मैदानावर राहिले असतील तसेच, खांदे जरासे पाडून. “अण्णा, मधे एक ठोका गेला,” ते आपणहून म्हणाले.

आजोबा काही बोलले नाहीत. शांत उभे राहिले. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, आईनं दिलेल्या खाऊतला एक शंकरपाळा काढला आणि बाबांच्या लालबुंद तळहातावर ठेवला.

बाबांनी त्या शंकरपाळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तो तोंडात टाकला. चावायचं काही त्यांना जमलं नाही. कोपीसारखा त्यांनी तो सबंधच गिळला.